डाव्या चपलांचा किनारा

मावशीचं चपला दुरुस्तीचं दुकान एका जिन्याखाली होतं. दुकान कसलं, एक माणूस, एक शिलाई मशीन आणि गोंदाचा वास मावेल एवढी जागा. नवऱ्यामागे तिनं ते एकटीनं चालवलं. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाची आतून, आणि का, हे विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "मावशी, चप्पल शिवा ना, चौकशा कसल्या करता?" असं गिऱ्हाइकं हसून म्हणायची.

तिची भाची आणि भाचेजावई शिडाच्या बोटीवर राहायचे. घर विकून बोट घेतली म्हणून नातेवाइकांनी दोघांना वेड्यात काढलं होतं. एकट्या मावशीनं विचारलं, "बोटीवर कपडे कुठं वाळत घालता गं?"

"ये आणि स्वतःच बघ," भाची म्हणाली. मावशी खरंच गेली.

सुरुवातीला ती जीव मुठीत धरून बोटीवर बसायची. एका बेटाहून दुसऱ्या बेटाकडे जायचं, नांगर टाकायचा, की ते दोघं डोळ्यांवर काचेचा मास्क आणि तोंडात नळी लावून पाण्यावर पालथे पडलेच. "मेल्यासारखे काय तरंगता?" ती वरून ओरडायची. तिला किनारे आवडायचे. लाटांनी आणून टाकलेलं वेचत ती रमतगमत फिरायची. शंख, दोरखंड, बाटल्यांच्या झिजून गुळगुळीत झालेल्या काचा. आणि चपला! कुठून कुठून वाहत आल्या होत्या कोण जाणे.

एका बेटावर चपला उलटसुलट करता करता ती थबकली.

"अगं, या बहुतेक सगळ्या डाव्याच आहेत!"

"योगायोग असेल," जावई हसून म्हणाला.

"मग उजव्या गेल्या कुठं?"

पुढच्या बेटावर बोटीवरची छोटी होडी वाळूला लागते न लागते तोच मावशी उडी मारून उतरली. इथल्या किनाऱ्यावर उजव्याच जास्त. जावयाचं हसू मावळलं. मावशीनं एक चप्पल हातात धरून तिचा बाक न्याहाळला. "हिचा आकारच एका अंगाला वळलाय. वारा लागला की ही एकीकडे जात असेल आणि जोडीदारीण दुसरीकडे."

तिनं लगेच पायातल्या आपल्या चपला काढून पाण्यात सोडल्या. पण लाटांच्या चकाकीत वरून धड काही दिसेना.

"खालून बघायला हवं," ती म्हणाली. "आण तो मास्क."

भाचीला हसावं की घाबरावं कळेना. मावशीला पोहता येत नव्हतं. मग लाइफ जॅकेट घातलं, कमरेएवढं उथळ पाणी शोधलं, चपला उचलून तिथं पुन्हा सोडल्या, भाचीनं हात घट्ट धरला. पहिल्याच दमात मावशीच्या नाकातोंडात पाणी गेलं. ती खोकत, समुद्राच्या नावानं शंख करत वर आली.

"नाकानं नको, तोंडानं श्वास घे!"

दुसऱ्यांदा जमलं. समोरच तिच्या चपलांचे तळवे तरंगत होते, टाचेवर तिनंच घातलेले टाके स्पष्ट दिसत होते. वाऱ्याची झुळूक आली तशी एक चप्पल हळूच एका बाजूला वळली, दुसरी विरुद्ध बाजूला. मावशी नळीतूनच "हूं! हूं!" करत बोट दाखवू लागली.

तेवढ्यात खालून कुरकुर आवाज आला. हिरवानिळा मासा चोचीसारख्या दातांनी चक्क प्रवाळाचा खडक कुरतडत होता. त्याच्यामागे पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, सुईएवढे. मावशी श्वास घ्यायचा विसरली, मग आठवून घेतला, मग पुन्हा विसरली.

शेवटी तिनं डोकं वर काढलं. "चपला कुठं गेल्या?"

"गेल्या की," भाची म्हणाली. "मीही तो मासाच बघत होते."

मावशी किनाऱ्यावर बसली. पाय भाजू नयेत म्हणून वाहून आलेल्या दोन उजव्या चपला तिनं पायात अडकवल्या. "तो मासा दगड खातो, मग त्याचं होतं काय?"

"शीतून बाहेर टाकतो, वाळू करून. इथली बरीचशी वाळू त्याचीच."

मावशीनं बसल्या जागी मूठभर पांढरी वाळू उचलली, बोटांतून खाली सोडली आणि पोट धरून हसत सुटली. मग नळी पुन्हा तोंडात घालत म्हणाली, "चल, बघू दे तरी कसा करतो ते."