आहेरात आलेले प्रोग्राम

नवा फोन हातात आला की मी आधी त्यात काय काय भरून दिलंय ते बघते आणि निम्मं काढून टाकते. बाकीचं नंतर. घरातले हसतात. राहू दे की, ते काय तुला खायला मागतंय का, म्हणतात. मागतं. हे मी केजला एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत शिकले, आणि तिथं ज्यांनी मला अडवलं ते चुकले होते असं मी आजही म्हणते. इतकी वर्षं झाली म्हणून माझं मत बदललेलं नाही.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. वडील लिंबागणेशला गवंडीकाम करायचे, आई त्यांच्याच हाताखाली पाट्या वाहायची. मी बीडला एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. झाले. एका पेपरला कॉम्प्युटर होता. निकाल लागला त्या दिवशी भावकीतल्या एकानं वडिलांना विचारलं, आता एवढ्या शिकलेल्या पोरीला नवरा कुठून आणणार? वडिलांनी थापी धुऊन ठेवली. मी मात्र ठरवलं, आधी नोकरी. केजला मावशी होती, तिच्याकडं राहायला गेले.

त्या काळात प्रत्येक तालुक्याच्या गावाला कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागत होते. केजचे भांड्यांचे व्यापारी, सगळं गाव ज्यांना आप्पा म्हणायचं, त्यांनीही दुकानाच्या वर एक खोली रंगवली, एक मशीन आणलं आणि मला शिकवायला ठेवलं. चप्पल जिन्यातच काढायची. मशीनला भरजरी झाकण. वर विभूती. त्याला माझी हरकत नव्हती.

हरकत होती ती उद्घाटनाला झालेल्या प्रकाराला. वास्तुशांतीला जसे लोक आहेर घेऊन येतात, तसे आप्पांचे पाहुणे प्रोग्राम घेऊन आले होते. पुण्याच्या जावयानं इंग्रजी ज्ञानकोश भरला. औरंगाबादच्या भाच्यानं मोटारींच्या शर्यतीचे खेळ. व्याह्यांनी पत्रिका काढायचा प्रोग्राम, त्यावर तिथल्या तिथं आप्पांच्या नातवाची पत्रिका काढून सगळ्यांना दाखवली. मशीन विकणाऱ्यानं आपल्या पदरचं म्हणून फॅक्स पाठवायचं काहीतरी टाकलं. खोलीत टेलिफोनच नव्हता. शिवाय मूळ सिस्टीमबरोबर आलेली गर्दी वेगळीच: आम्ही कधी बघणारही नाही असे प्रिंटर, कुठल्या कुठल्या देशांच्या भाषा, बटण दाबलं की वाजणाऱ्या घंटा.

आणि यातले बरेचसे प्रोग्राम मशीन चालू झालं की आपोआप उठायचे. लाईट ठरावीक वेळच असायची. ती आली की बटण दाबायचं आणि बसून राहायचं. खाली चहा सांगावा, तो यावा, पिऊन कप परत जावा, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ. पोरी आजूबाजूच्या खेड्यांतून जीपमध्ये कोंबून यायच्या. त्यांना मराठी टायपिंग शिकायचं होतं, कारण कुठल्याही कचेरीत तेच विचारत होते. आपला नंबर येईपर्यंत लाईट जायची नाहीतर जीप सुटायची. साळेगावकडची एक पोरगी होती, तोंडानं फटकळ. ती एकदा म्हणाली, "मॅडम, हे उठंस्तोवर आमची म्हैस इऊन रेडकू उभं ऱ्हायलं असतं." सगळ्या हसल्या. पुढच्या आठवड्यात ती पोरगी आली नाही. मग अजून दोघी गळाल्या.

आप्पांनी जावयाला फोन केला. जावयाचं म्हणणं असं की मशीन आता जुनं झालं, ते काही सुधारत नाही. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला येईन तेव्हा गाडीत टाकून घेऊन जातो, पुण्यात कुणीतरी घेईल. आप्पांना ते पटलं. लग्नसराईचा माल ठेवायला त्यांना खोली हवीच होती. मला त्यांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं. गोड शब्दांत सांगितलं तरी अर्थ एकच होता: क्लास बंद, आणि मी परत लिंबागणेशला, भावकीसमोर.

मी म्हणाले, मशीन चांगलं आहे, भरलंय जास्त. निम्मं काढलं की पळेल. आप्पा माझ्याकडं असे बघायला लागले जणू मी त्यांच्या देव्हाऱ्यातलं काही मागितलं.

"आवो मॅडम, आहेर हाय तो. आहेर कुनी काढून फेकतं का? उद्या जावई इचारतील, माझं कावून काढलं, तर काय सांगू?"

भांड्यांचे व्यापारी ते. त्यांच्या दुकानात दिवसभर भांड्यांवर नावं कोरत असत, अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट. ज्याचं नाव कोरलंय ते भांडं मोडीत घालायचं नाही, हा त्यांचा धर्मच होता.

मी म्हणाले, "आप्पा, आहेराची भांडी माळ्यावर असतात. चुलीवर एकच पातेलं असतं. तुमी सगळी एकदम चुलीवर चढवलीत, म्हणून भात शिजंना."

त्यांनी डोकं खाजवलं. मग एक तोड काढली. आतलं काढा, पण पडद्यावरची चित्रं तेवढी राहू द्या, म्हणजे पाहुण्यांना दिसतील. मी नाही म्हणाले. रिकाम्या डब्यांवर नावं मिरवायला मी शिकले नव्हते. करायचं तर नीट करीन, नाहीतर आजच मशीन द्या पाठवून, असं मी तोंडावर सांगितलं. मावशीला संध्याकाळी हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. आप्पा मात्र तेव्हा नुसते खाली निघून गेले होते. ना हो म्हणाले, ना नाही. मी ते हो धरलं.

कामाची पद्धत माझी मीच ठरवली होती. एकावेळी एकच काढायचं. काढलं की मशीन बंद करून परत चालू करायचं, इंग्रजी टायपिंग उघडतंय का, छापतंय का ते बघायचं, मगच दुसऱ्याला हात. वडील जुनी भिंत उतरवताना असंच करत, एक थर काढायचा आणि वरचं छत बघायचं. आधी फॅक्स गेला. मग ज्ञानकोश, तो तर डिस्कवर बैठक मारून बसला होता. मोटारी गेल्या. घंटा गेल्या, परदेशी भाषा गेल्या, प्रिंटरांची रांग गेली. दर वेळी मशीन थोडं लवकर उठायला लागलं. पत्रिकेचा प्रोग्राम सगळ्यात शेवटी काढला. मशीन चालू केलं आणि पोरी पंख्याखालच्या जागेवरून भांडून होतात न होतात तोच पडदा तयार. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

पहिली पोरगी बसली, तिनं मराठी उतारा उघडला. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस. एक मराठी शब्द नाही.

त्या टाळ्या ऐकून आप्पा वर आले होते. त्यांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाले की जावई म्हणत होते तेच खरं. शिवाय काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, जिन्यात उभ्या. नातवाची पत्रिका मी पुसली असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी.

मी खुर्ची सोडली नाही. उतारा कुठं गेला नव्हता, फाईल तेवढीच होती. गेली होती ती अक्षरं. मराठी फॉन्ट आम्ही कधी विकत घेतला होता? कधीच नाही. मग तो आला कुठून? मराठी लागणारं त्या सगळ्या आहेरात एकच होतं. पत्रिकेच्या प्रोग्रामनं येताना आपला फॉन्ट आणला होता, आम्ही त्याच्यावर टायपिंग शिकत होतो, आणि जाताना तो आपला फॉन्ट घेऊन गेला.

मी काकूंना विचारलं, व्याह्यांनी आणलेली फ्लॉपी कुठं आहे? त्यांनी पदरानं डोळे पुसले. देवघरात, म्हणाल्या. विभूतीच्या डब्याशेजारी. लेकराची पत्रिका जिच्यातनं निघाली ती म्हणून तिथं ठेवली होती, आणि रोजच्या पूजेत तिलाही विभूतीची तीन बोटं ओढली जायची. फ्लॉपी हातात आली तेव्हा पांढरी झाली होती. मी तिचं पत्र्याचं झाकण न सरकवता आधी वरची राख झटकली, सुती कापडानं पुसली, आणि मग मशीनमध्ये घातली. ती दोनदा घरघरली. तिसऱ्यांदा वाचली गेली. व्याह्यांनी नातवाची पत्रिकाही तिच्यावरच ठेवली होती, ती आत जशीच्या तशी होती; काकूंची फ्लॉपी काकूंना परत. मी त्यातली फॉन्टची फाईल तेवढी घेतली.

उतारा मराठीत आला. आप्पा म्हणाले, आता प्रोग्रामपण टाका की परत, व्याह्यांचा मान राहील. मी म्हणाले, "न्हाई. लागत होतं तेवढं घेतलं."

धोंड्याला जावई आले. जेवणाआधी वर आले, नवं धोतर-उपरणं त्यांच्या अंगावर, पोरीला हातानं बाजूला व्हायला सांगून खुर्चीत बसले आणि पडद्यावर आपला ज्ञानकोश शोधायला लागले. मराठी उतारा सोडला तर पडदा मोकळा होता.

"कुणाला विचारून काढलं?"

"कुणालाच न्हाई. इथं शिकवते मी. काय लागतं ते मला कळतं."

ते आप्पांकडं वळून म्हणाले की मशीन बिघडवून ठेवलंय, आता ह्याला कोण घेणार. आप्पा खाली फरशीकडं बघत होते. त्यांनी उठवलेली पोरगी म्हणजे साळेगावची ती फटकळ, जी पुन्हा यायला लागली होती; ती भिंतीला टेकून उभी होती. तिची जीप सुटायला फार वेळ नव्हता.

मी म्हणाले, "पाव्हणे, उठा. हिचा नंबर हाय."

धोंड्याच्या महिन्यात जावयाला कुणी उठ म्हणत नाही. जावई सासऱ्याकडं बघत राहिले. आप्पांनी त्या पोरीकडं पाहिलं, मग पडद्यावरच्या मराठी उताऱ्याकडं, आणि म्हणाले, "जावईबापू, खाली चला. ताट वाढलंय."

ते उठले. पोरगी बसली आणि लगेच टायपिंगला लागली, मागं वळूनही न बघता. संध्याकाळी गाडी पुण्याला निघाली तेव्हा डिकीत तांब्याचं ताट आणि अनारशांचा डबा होता. मशीन वरच्या खोलीत राहिलं, आणि मीही.