कोंडीबाच्या विहिरीतला राखाडी पट्टा

वैशाखातलं आभाळ दिवस उगवायच्या आधीच भरून आलं होतं. वाशीमच्या बाजूनं ढग येत होते आणि येऊन नुसते थांबत होते. पान हलत नव्हतं. साखऱ्याच्या शिवारात कोंडीबाच्या वावरात यारीचं इंजिन तेवढं फटफटत होतं. यारी म्हणजे विहिरीतली दगडमाती वर ओढायचं यंत्र; तिच्या दांड्यापाशी डोक्याला टॉवेल गुंडाळून जमनाबाई बसली होती. खाली पाच पुरुष खोल तिचा नवरा भावसिंग काल उडवलेल्या सुरुंगाच्या बारांचे दगड बकेटात भरत होता.

म्हणजे भरायला पाहिजे होता. बकेट अर्धंच वर आलं तशी जमनाबाईनं काठावरून मान काढली.

"शिलाचे बा, दगड सरले का तुमची ताकद सरली?"

"भरतो न."

"भरतो म्हंता आन् भिंतीकडं तोंड करून उभे हाव. मला वरून दिसून राह्यलं."

कोंडीबा लिंबाच्या बुडाशी तंबाखू मळत होता. विहीर त्याची. सारं आयुष्य आभाळाकडं बघत कोरडवाहू शेती केलेला माणूस, म्हातारपणी त्याला विहिरीची हौस आली होती. तो तिथूनच म्हणाला, "जमनाबाई, तुझ्या मालकाला सांग, विहीर खाली जात असती. हा आडवा चालला."

कोंडीबाचं आणि भावसिंगचं पहिल्या दिवसापासूनच असं चालू होतं. बंजारा तांड्याची माणसं नारळ फोडल्याशिवाय जमिनीला पहार लावत नाहीत, आणि कोंडीबा बौद्ध, तो काही नारळ फोडणार नव्हता. शेवटी भावसिंगनं आपल्या पिशवीतून आणलेला नारळ बांधावर जाऊन फोडला आणि कोंडीबानं त्यातलं खोबरं सगळ्यांत जास्त खाल्लं. "फोडायला ना हाय, खायाला न्हाई," म्हणाला.

पुसेगावच्या पलीकडच्या तांड्यातल्या या भावसिंगला बसणं ठाऊक नव्हतं. जेवायला बसला तरी एक पाय उंबऱ्याबाहेर. कोणाच्या लग्नाला गेला तर पंगत उठायच्या आधी हा यजमानाच्या विहिरीत डोकावून यायचा. बापाच्या हाताखाली पोरगं असताना विहिरीत उतरला, तेव्हा छिन्नी-हातोड्यानं सुरुंगाची भोकं पाडायचे. आता ट्रॅक्टरला लावलेलं मशीन पाडतं. सेनगाव, हिंगोली, औंढ्याकडच्या कितीक विहिरींचा तळ त्यानं पहिल्यांदा उघडा केला होता. माणूस एका ठिकाणी टिकत असेल तर फक्त पुस्तक हातात असताना, आणि तेव्हाही त्याचा गुडघा हलतच राहायचा.

पुस्तकाचं खूळ पोरीमुळं लागलं. शिला सहावीत असताना तिला भाषणाच्या स्पर्धेत डायनासोरचं पुस्तक बक्षीस मिळालं. तिनं ते दोनदा वाचलं आणि कंटाळली; पुढं नर्सिंग शिकायला नांदेडला गेली. पुस्तक घरात राहिलं. भावसिंगची शाळा चौथीपर्यंतची. अक्षर जोडत जोडत तो वाचू लागला, तेही त्या अजस्र जनावरांसाठी नाही. मध्ये एक फोटो होता. मोठा खड्डा, खड्ड्यात टोपल्या, दोर, पहारी, डोक्याला फडकं बांधलेली माणसं, आणि काठावर कमरेला हात लावून उभा असलेला एक मालक. खड्ड्याच्या तळातून माणसाएवढं मांडीचं हाड अर्धं वर आलेलं.

"ही तर आपलीच माणसं हायत," तो जमनाबाईला म्हणाला होता. फरक एवढाच, की पाणी लागलं तर ही माणसं रडत असतील.

तिथून त्याला ध्यास लागला. जे गाडलं ते खाली, आणि जितकं खोल तितकं जुनं, असं पुस्तक सांगत होतं. मग या जिल्ह्यात आपल्याइतकं खोल कोण जातं? पुढची पुस्तकं त्याला भीमराजनं पुरवली. भीमराज म्हणजे धम्म मेळाव्याच्या मांडवाबाहेर पुस्तकांचं टेबल लावणारा माणूस. एरवी मोटारसायकलवर खोकी बांधून गावोगाव फिरायचा. बुद्धाच्या, कायद्याच्या, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत तो भावसिंगसाठी एखादं लेकरांचं रंगीत पुस्तक खुपसून आणायचा. "माझं टेबल पाहून लोकं म्हंतात, भीमराज, हे सरडे कोनासाठी? मी म्हनतो, तांड्यातल्या एका नातवासाठी. तुमचं वय सांगत न्हाई मी कोनाला."

भावसिंगला हाड मिळालं नाही, पण दात मिळाले. काळ्या दगडात बार उडाला की कधी कधी आत पोकळी निघते आणि तिच्यात पांढरे, टोकदार खडे ओळीनं उभे असतात. विहिरी खोदणारा सारा तांडा त्यांना गारगोट्या म्हणून फेकून द्यायचा. भावसिंगनं ते पुस्तकातल्या जबड्याशी लावून पाहिले. तीच टोकं, तीच रांग. मग त्यानं ते वेचून आणले, घरात फळीवर लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले आणि येईल त्याला दाखवू लागला. हा वरच्या जबड्याचा, हा खालच्या. तांड्यातली लेकरं ते पाहायला यायची. तांड्याचा प्रमुख, म्हातारा नायकसुद्धा येऊन, चष्मा लावून, "भारी जनावर असंल," असं म्हणून गेला होता.

आणि मग होळी झाल्यावर भीमराजनं आणलेल्या नव्या पुस्तकात, पहिल्या चाळीसेक पानांतच, महाराष्ट्राचा नकाशा निघाला. जवळजवळ सगळा काळा रंगवलेला. त्यात हिंगोली कुठं ते हुडकायची गरज नव्हती. हा सारा दगड म्हणजे जमिनीच्या भेगांतून निघालेला, वितळून वाहिलेला रस आहे. साडेसहा कोटी वर्षांमागं तो थरावर थर पसरला आणि थिजला. त्याच्या पोटात हाड सापडायचं नाही. थिजताना आतल्या वाफेचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढं पाण्यानं स्फटिक जमले. खाली फोटो. फळीवर मांडलेले तेच दात.

त्यानं पुस्तक मिटलं आणि तांड्याभोवती चकरा घालू लागला.

"काहून फिरून राह्यले?" जमनाबाईनं विचारलं.

"पोटात गुबारा धरला."

दुसऱ्या दिवशी त्यानं भीमराजला सेनगावच्या स्टँडवर गाठलं. "पुस्तकात लिहिलं म्हनून खरंच असतं का रे?"

"मागची पुस्तकं खरी होती तवा इचारलं न्हाई," भीमराज म्हणाला.

दात फळीवरून निघाले. लेकरं आली तर तो म्हणायचा, पॉलिश करायला दिलेत. पण दात जाण्याचं दुःख त्याला फार नव्हतं. त्याला खात होतं ते वेगळंच. बापानं आणि आपण मिळून इतकी जमीन उघडी केली ती सगळी मेलेली होती, कधी जिवंत नव्हतीच, असं पुस्तक म्हणत होतं. एखाद्याला सांगावं, बाबा, तू ज्या गल्लीत उभा जन्म आवाज देत फिरलास तिथं कुणी राहतच नव्हतं, तसं ते झालं.

त्याच पुस्तकानं पुढच्या पानावर एक फट ठेवली होती. रस एका दमात आला नव्हता. एक थर येऊन थिजायचा, मग हजारो वर्षं शांतता. त्या शांततेत वर माती साचायची, तळी व्हायची, झाडं उगवायची, जनावरं यायची. मग पुन्हा आग. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठं कुठं त्या दिवसांची पातळ पट्टी राहून जाते. असलंच काही तर तिच्यात.

तेव्हापासून तो विहिरीचा तळ सोडून भिंती बघू लागला. तांबडे पट्टे दिसले, कोरले, रिकामे निघाले. आणि काल संध्याकाळी कोंडीबाच्या विहिरीत बार उडाल्यावर धूर निवळला, तर उगवतीच्या भिंतीत, वर काळा दगड आणि खाली काळा दगड, मध्ये दोन वीत राखाडी, मऊ, ओलसर पट्टा उघडा पडला होता. नखानं माती निघत होती.

कोंडीबानं तो पाहिला आणि धोका ओळखला. असला मऊ थर ढासळतो. तो निसटला की वरचा दगड लोंबकळतो, आणि एक दिवस सगळं विहिरीत. शेजारच्या वावरात झालंच होतं. त्यात आभाळ हे असं. एक सर कोसळली की संपलं. त्यानं रात्रीच फोन लावून रामप्रसाद गवंड्याला बोलावलं होतं. तो आज साच्याच्या लोखंडी प्लेटा घेऊन येणार, पट्ट्यापुरता काँक्रीटचा कडा, म्हणजे आतून अस्तर, टाकणार. एकदा कडा पडला की तो पट्टा पुन्हा कोणाला दिसणार नव्हता.

"दोन दिवस थांबा न मामा," भावसिंगनं सकाळीच विचारून पाहिलं होतं.

"तुझं जनावर साडेसहा कोटी वर्सं थांबलं म्हंतोस, अन् मला दोन दिवस सांगतो? आभाळ माझ्या बापाचं हाय का? रामप्रसाद येस्तोर काय उकरायचं ते उकर. पन बकेट भरून."

म्हणून चालली होती ही अर्धी बकेटं. चार दगड बकेटात, दोन हात पट्ट्यात. खुरप्यानं तो मातीचं ढेकूळ काढायचा, अंगठ्यांत फोडायचा, टाकायचा. काही नाही. पुन्हा. घाम डोळ्यांत उतरत होता, पुसायला सवड नव्हती. रस्त्यावर कुठलाही ट्रॅक्टर वाजला की त्याचे हात दुप्पट चालायचे. एकदा वाटलं हाड, निघालं मूळ. एकदा खुरपं कशावर तरी खटकलं, तर काळाच खडा. पट्ट्याच्या आत आत जाता जाता त्याचा हात कोपरापर्यंत गेला, आणि वरच्या दगडानं कुठंतरी बारीक आवाज केला. सुकलेलं लाकूड उन्हात तडकावं तसा. मूठभर कचरा त्याच्या मानेवर पडला.

इंजिनाच्या फटफटीत आवाज वर आला नाही, पण पडलेला कचरा जमनाबाईला दिसला. तिनं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"वर या."

"जरा थांब."

"मी म्हनलं वर या. ते हाड तुमचंच निघंल खालून."

"अगं, येतो म्हनलं न."

"बकेटात पाय ठिवा. ठिवत न्हाई तवर मी खाली पाहनार न्हाई अन् बोलनार बी न्हाई." आणि खरंच ती तोंड फिरवून बसली. बावीस माणसांच्या टोळीत काम केलेली बाई; तिच्या डोळ्यांदेखत दरड खाली आली होती, आणि ती तसं का बोलते हे भावसिंगला सांगावं लागत नव्हतं.

त्यानं एक पाय बकेटात टाकला. दुसरा खालीच. हात मात्र ऐकेना, त्यानं जाता जाता पट्ट्याच्या तोंडचं एक शेवटचं ढेकूळ ओढलं, मग दुसरा पाय टाकून दोर हलवला; इंजिन पुन्हा फटफटलं आणि तो ढेकूळ मुठीत धरूनच वर आला.

काठावर उभा राहून त्यानं ते फोडलं. आत काहीतरी गोल होतं. करंगळीच्या नखाएवढं, पांढरट, वेटोळं घातलेलं. थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं. वेटोळ्याची रेघ आत आत जाऊन एका टिंबात संपत होती.

कोंडीबा उठून आला, डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "ही गोगलगाय हाय."

"व्हय."

"माझ्या भेंडीवर असल्या पायलीभर हायत. यासाठी माझा मजूर आडवा चालला होता?"

जमनाबाईनं ती हातावर घेतली, वजन पाहिलं. दगडासारखी गार आणि जड. परत देताना तिनं ती पडू नये म्हणून त्याची बोटं मिटवली.

भावसिंगला हसावं की काय करावं कळेना. एवढ्या वर्षांनी एक गोगलगाय. ट्रॉलीएवढ्या हाडाच्या गोष्टी सांगितलेल्या तोंडानं आता नखाएवढी गोगलगाय कशी सांगायची? पण ती जिवंत होती. या वावराच्या पोटात, आगीच्या दोन थरांमध्ये, ती चिखलावरून सरकत गेली होती. म्हणजे चिखल होता. चिखल होता म्हणजे तळं होतं. आणि तळं होतं तर पाणी प्यायला कोण येत होतं? त्याचे पाय आपोआप बकेटाकडं वळले.

"मामा, अजून येक खेप. ह्या बाजूला काठ असंल तळ्याचा. काठावर पावलं असतात."

"न्हाई."

"पट्टा तुमच्या धुऱ्या-बांधापोतर गेला असंल, त्याच्या पलीकडं बी..."

"जाऊ दे की मंग. पलीकडल्याला विहीर खांदायची हाय पुढल्या साली. त्याच्या भिंतीला लाग." कोंडीबा हसला नाही. आभाळाकडं पाहून म्हणाला, "भावसिंग, तो दगड खाली आला तर माझी विहीर जाईल, ते सोड. तुला काढायला कोन उतरंल, सांग."

उतरला असता तो फक्त भावसिंगच.

तेवढ्यात बांधावरून रामप्रसादचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत प्लेटा खडखडत होत्या. आभाळातून पाण्याचे दोनचार मोठे थेंब धुळीत पडले आणि धुळीला खड्डे पडले. रामप्रसाद खाली डोकावला आणि त्यानं जीभ चावली. "हे कोनी कोरलं? इथं कोपरभर काँक्रीट ज्यादा लागंल. मी न्हाई उतरत बाबा ह्याच्याखाली."

"मी उतरतो," भावसिंग म्हणाला. "मीच कोरलं."

जमनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग उठून तिनं यारीचा दोर हातानं ताणून पाहिला, गाठ पाहिली, आणि इंजिन सुरू केलं. त्यानं गोगलगाय तिच्याकडं दिली. तिनं ती पदराच्या टोकात बांधून कमरेला खोचली.

खाली त्यानं आधी दोन लाकडी बल्ल्या लावून वरच्या दगडाला टेकू दिला, मग प्लेट भिंतीशी उभी केली. पट्टा प्लेटेआड जाईपर्यंत तो बघत होता. वरून पहिलं घमेलं आलं. काँक्रीट पातळ होतं.

"रामप्रसाद," त्यानं वर तोंड करून आवाज दिला, "पानी कमी कर. वाहून राह्यलं."

आणि दुसरं घमेलं येईस्तोवर तो सळईनं पहिलं ठोसू लागला.