टाक्यातलं कासव

आमच्या सराफ्यातल्या घराच्या मागल्या अंगणात सिमेंटचं एक टाकं आहे. परवापरवापर्यंत त्यात एक कासव होतं. आई लग्न होऊन आली तेव्हाही ते तिथेच होतं. "सासरी मला न टोकणारं हेच एक," असं ती म्हणायची. बाबा गेल्यावर तर तिचं सगळं बोलणं त्याच्याशीच. दुपारी ऊन टाक्यात उतरलं, की ती काठावर बसून पालकाची पानं टाकायची आणि हळू आवाजात काहीबाही सांगत राहायची. पाणी हलायचं, भिंतीवर उजेड हलायचा, आणि तिचा आवाज त्यातच कुठेतरी विरून जायचा. मी शाळेतून शिकवून येऊन दारात उभी राहिले की ती गप्प. मला त्या कासवाचा चक्क हेवा वाटायचा!

मग पेपरात आलं: कासव, पोपट घरी ठेवणं गुन्हा आहे, वन विभागाकडे आणून द्या. मी पडले सरकारी शाळेतली मास्तरीण. नोकरीवरच यायचं. आईला वाचून दाखवलं, तर ती भडकली.

"काहून? मी काय मारून राहिली त्याला?"

"आई, कायदा आहे."

"मग त्या कायद्याला सांग, दुपारी माझ्याजवळ येऊन बस म्हणा."

माझ्या नोकरीचं सांगितलं, तरी ती धुसफुसतच होती. पण शेवटी तिनेच त्याला टबात ठेवलं आणि ऑटोत सगळा रस्ता मांडीवर धरून वन विभागात नेऊन दिलं. जाताना हट्ट धरला, "सोडाल तेव्हा मला बोलवा."

त्याला तपासून झाल्यावर त्यांनी खरंच बोलावलं. शहराबाहेर, कुंडमकडच्या जंगलात एक तळं होतं. सकाळचं धुकं पाण्यावर बसलेलं, झाडं अर्धीच दिसत होती. मला तर झोपेतच चालल्यासारखं वाटत होतं. वनरक्षकाने टब तिरका केला.

"अम्माजी, अब जाने दीजिए."

आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कासवाने मान बाहेर काढली, जरा थांबलं आणि पाण्यात शिरलं. मग चारही पाय पसरून असं काही सरसर निघालं की आम्ही बघतच राहिलो. घरच्या टाक्यात पाणी जेमतेम त्याच्या पाठीपर्यंत. तिथे ते या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं चालायचं.

"अगं बाई, याला पोहता येते!" आई म्हणाली. परतताना गाडीत एकदम बोलली, "सगळं माझंच सांगत बसली गं मी. त्याला काय पाहिजे, कधी मनातच आलं नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले, तर आई रिकाम्या टाक्याच्या काठावर बसलेली. मी सवयीने दारातच थांबले.

तिने बाजूची जागा पदराने पुसली. "ये, बस. आज तू सांग, मी ऐकते."

मी बसले, आणि काही सांगायच्या आधीच मला रडू फुटलं.