पाठीची परीक्षा

कल्याणात न्हाणीची भिंत ओलावली की त्यालाच बोलवत. पोपडे सुटलेल्या भिंतीवर थाप मारून हा गवंडी हमखास विचारी, "कुठल्या गाढवाचं काम हे?" मग जुना गिलावा फोडून तो दोन्ही अंगांनी नवा चुना चढवी.

आमच्या न्हाणीपलीकडच्या खोलीत वर्षाचं भात होतं. त्यानं तिथे चढवलेला चुना वाळल्यावर आईनं विचारलं, "आता भात भिजणार नाही ना रे?"

"माझी भिंत पाझरायची नाही, बाई. ओता घागरी!"

आई न्हाणीत पाणी ओतत राहिली. तो सदरा काढून भाताच्या खोलीत भिंतीला उघडी पाठ लावून ऐटीत बसला. प्रत्येक काम तो असंच पारखी. थोड्या वेळानं त्यानं पाठीवरून हात फिरवला. हाताला ओला चुना लागला.

तो उठला, भिंतीवर थाप मारली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "कुठल्या गाढवाचं काम हे?"

मग हातोडा उचलला.