सोपानची पत्र्याची सुरी

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाचे दात बघणारे शंभर असतील, पण लोखंडाची जात सांगणारा एकच होता, सोपान. सायकलवर बसवलेलं धारेचं चाक तो पायानं फिरवायचा आणि तोंड त्याहून जोरात चालवायचा. कुणी कोयता आणला की आधी चाकाला जरासा टेकवायचा. ठिणग्या फुलासारख्या फुटल्या तर पोलाद. लांबट, मुक्या पडल्या तर साधं लोखंड. सोपानच्या भाषेत पत्रा. "फुलं म्हंजे पोलाद, राव," हे तो इतक्यांदा सांगायचा, की शेजारी भजी तळणाऱ्या हौशीरामलाही पाठ झालं होतं.

सोपाननं पत्रा म्हटलं की मालक सहा महिने तोंड लपवून फिरायचा. त्यातच सोपानला गोडी. कुंडलिकनं नव्या जावयाला दिलेली कुऱ्हाड त्यानं भर बाजारात पत्रा ठरवली, वर जावयालाच विचारलं, "लेक तरी खरी दिलीय का?"

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात यशोधरा त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. खोडदला आकाशाचा वेध घेणारी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिथल्या खानावळीत ती स्वयंपाक करायची. तिथं महिनाभर राहिलेल्या जपानी पाहुण्याला तिच्या हातची मासवडी फार आवडली होती. जाताना त्यानं स्वतःची सुरी तिला दिली. लाकडी मूठ, काळपट पातं आणि धारेशी ढगासारखी एक रेघ.

"भाऊ, धार गेलीय. हळू लावा. पावणं सांगत व्हतं, आत पोलाद हाय, दोन्ही बाजूंनी मऊ लोखंड."

"सुरी हाय का करंजी?" सोपान म्हणाला. "सारण कशाचं, खोबऱ्याचं का रव्याचं?"

हशा पार बैलबाजारापर्यंत गेला. सोपाननं सुरीची पाठ चाकाला टेकवली. लांबट, मुक्या ठिणग्या पडल्या.

"पत्रा," त्यानं निकाल दिला. "पावण्यानं मासवडीची किंमत बरोब्बर केली, बाई."

यशोधरेचा चेहरा उतरला. "धार तरी लावा," ती एवढंच म्हणाली.

त्यानं धार चाकाला लावली आणि फुलं फुटली. बारीक, दाट, सोपाननं जन्मात पाहिली नव्हती अशी. गर्दी अजून हसण्यातच गुंतली होती, पण सोपानचा पाय थबकला. त्याचा बाप चिमाजी कुऱ्हाड करायचा ती अशीच, लोखंडाच्या पोटात पोलादाची पट्टी घालून. लहानपणी बापाचा भाता सोपाननंच ओढला होता. ती सुरी करंजीच होती की.

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. पण इतकी वर्षं कमावलेला शब्द एका स्वयंपाकीणबाईपुढं गिळायचा कसा? सोपाननं सायकल फिरवली, गर्दीकडं पाठ केली आणि पातं पाणी न लावता कोरडंच चाकावर दाबून धरलं. धार निळी पडेपर्यंत. पोलाद असं जळलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. मग ते पत्र्याच्याच लायकीचं.

"दोन दिवस धार टिकली तर मिशी काढीन," सोपान म्हणाला.

मिशी राहिली. पुढच्या सोमवारी यशोधरा बोथट सुरी घेऊन आली आणि बाजारानं सोपानला डोक्यावर घेतलं.

त्यानंतर ती दर सोमवारी यायला लागली. सोपान सुरी हातानं दगडावर घासून द्यायचा. "पत्र्याला चाक कशाला?" म्हणायचा. भीती ठिणग्यांची होती. ती समोर उभी राहून त्याच्या हातांकडं बघत राहायची. "आली तुमची करंजी," म्हणून हौशीराम डोळा मारायचा. सोपान हसायचा, पण रविवारपासूनच त्याला अन्न गोड लागेना.

अशी पाच वर्षं गेली. पातं झिजून निम्मं झालं. मग दोन महिने ती आलीच नाही. सोपान सुटल्यासारखा परत लोकांच्या कोयत्यांची अब्रू काढायला लागला.

तशात एका सोमवारी ती आली. शेजारच्या भाजीच्या दुकानातून एक टोमॅटो उचलला आणि त्यावर सुरी नुसती टेकवली. दोन फाका झाल्या.

"दोन म्हैनं झालं, धार लावली न्हाई. तुमी जाळलेलं समदं झिजलं, भाऊ."

"मी कुठं..."

"तुमी पाठ केली ती गर्दीकडं. मी चाकाच्या तोंडाशी व्हते. फुलं म्हंजे काय, ते तुमीच शिकवलंय."

हौशीरामनं झारा खाली ठेवला. "मग टेकवा की चाकाला, सोपानराव."

"चेन उतरलीय," सोपान म्हणाला.

गर्दीतून कुंडलिक पुढं आला. त्यानं सोपानला बाजूला सारलं, सायकलवर बसला आणि पायडल मारलं. चेन जागेवर होती. यशोधरेनं धार चाकाला क्षणभर टेकवली. फुलंच फुलं उडाली.

"आन् तुझ्या घरात कोण खरं हाय रं, पत्र्या?" कुंडलिकनं सायकलवरूनच विचारलं.

त्या दिवसापासून सोपान हे नाव बाजारातून गेलं. शेंबडी पोरंसुद्धा पत्र्या म्हणतात. तो आता धार लावतो आणि मान वर करत नाही.

यशोधरा मात्र अजून दर सोमवारी येते. सुरी आणत नाही, घरची विळी आणते आणि त्याच्यापुढं धरते.

"भाऊ, हे काय हाय, तेवढं सांगा."

आजूबाजूची गिऱ्हाइकं माना वळवतात. हौशीराम झारा हवेतच धरतो.

"विळी," सोपान म्हणतो.