हिरव्या ठिपक्याची वाट

दादा गेला, असं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का?" वहिनी म्हणाल्या, "ताई, त्यांनीही हेच विचारलं असतं." खरंच होतं ते. माझा थोरला भाऊ सगळी नोकरी वाळूजच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात होता. तयार झालेले सुटे भाग त्याच्या टेबलावर यायचे. पास झाला तर हिरव्या रंगाचा ठिपका, नाही तर लाल. निवृत्त झाल्यावर रंगाच्या दोन्ही बाटल्या हर्सूलच्या घरी आल्या आणि घरातल्या वस्तूंची तपासणी सुरू झाली. कुकरच्या बुडाला हिरवा, शिडीच्या पायरीला हिरवा, जावयानं हौसेनं आणलेल्या मिक्सरला लाल. दूधवाला आणि आंबेवाला यांच्याकडंही तो त्याच नजरेनं बघायचा. त्यांना ठिपका लावता येत नव्हता, एवढंच.

हा संशय आमच्या रक्तातच आहे, मीही त्यातून सुटलेली नाही. त्यामुळं शाळेतून निवृत्त झाल्यावर मला सुतारकामाचं वेड लागलं आणि पहिली मशीन कोणती घ्यावी असा प्रश्न पडला, तेव्हा दुकानदारावर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता. मी दादाला विचारलं. मला खरं तर लाकूड कापायची जिगसॉ हवी होती. मोबाइलवर एक बाई ती झरझर चालवताना पाहिली होती. दादानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बघितला आणि म्हणाला, "सुमे, हिचा डावा हात कुठंय? एकदाबी दाखवला नाय."

शहागंजच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदार गोड बोलणारा होता, म्हणजे तिथंच त्याचे मार्क कापले गेले. "चाचा, ये पूरा किट लेके जाव, दीदी घर में सब बना लेंगे. नया माल है, कलच आया." दादानं खोक्यावरून बोट फिरवलं आणि त्याच्यापुढं धरलं. "कालपासून लई धूळ बसली." दुकानदार हसला, त्यानं चहा मागवला. दादा माझ्या कानाशी म्हणाला, "चहा पाजतोय. जपून." मग त्यानं एकेक ड्रिल मशीन काढायला लावली. मशीनच्या तोंडाशी असलेल्या चकमध्ये भोक पाडायचं दुकानातलं सगळ्यात लांब बिट बसवायचा, मशीन सुरू करायचा आणि बिटाच्या टोकाकडं डोळे बारीक करून बघायचा. टोक थरथरलं की मशीन बाजूला. वायर जिथं आत शिरते तिथं नाक लावून वासही घ्यायचा. बाजूला ठेवलेल्या मशीन वाढत गेल्या तसा दुकानदारही त्या खेळात ओढला गेला. शेवटी तोच टोकाकडं बघून म्हणायला लागला, "ये भी हिलता, चाचा."

एक पसंत पडली. मी पुन्हा जिगसॉचं नाव काढलं, तर दादा ठाम होता. "पहिली मशीन ड्रिलच. भोक चुकलं तर बुजवता येतं, कापलेलं जुळत नाय. फळ्या वखारीतून कापून आण." मला हे कारण पटलं, पण खरं वाटलं नाही. रिक्षात मी सरळ विचारलं, "माझ्या हातावर भरवसा नाही, व्हय ना?" तो बाहेर बघत म्हणाला, "मशीन तपासली. हात तपासायचाय अजून."

हे मला लागलं. म्हणूनच मी पहिलं स्टूल केलं ते त्याच्यासाठी. गुडघ्यांमुळं त्याला वाकून बूट घालता येत नव्हते. सागाच्या फळ्या वखारीतून कापून आणल्या, चुकलेली भोकं बुजवली, पुन्हा पाडली. स्टूल नेऊन दिलं तेव्हा त्यानं ते फरशीवर हलवलं, कान लावला आणि म्हणाला, "बघतो." त्याचं 'बघतो' मला लहानपणापासून माहीत होतं. पुढच्या वेळी गेले तर माझ्या स्टुलावर गव्हाचं पोतं ठेवलेलं. त्यानंतरही मी असताना तो कायम प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मी चहा न घेता उठले. मध्ये एकदा त्यानं माझी ड्रिल मागून नेली, घड्याळ टांगायचंय म्हणाला. परत आली तेव्हा बिटाला भिंतीचा चुना नव्हता, लाकडाचा भुसा होता. आणि त्यांच्या भिंतीवर घड्याळ मला कधीच दिसलं नाही. शेजाऱ्याला वापरायला दिली असणार, असं मनात धरून मी ती कपाटात आत ठेवून दिली. स्टूल उलटं करून ठिपका बघायचा मोह दर वेळी व्हायचा. पण तो समोर असताना तसं करणं म्हणजे मार्क मागणं होतं... आणि मी नुसती वाट बघत राहिले.

आता तो नाही. परवा हर्सूलला गेले तर खुर्ची कोपऱ्यात सरकवलेली आणि दाराशी स्टूल, त्याच्याखाली त्याचे बूट. वहिनी म्हणाल्या, "रोज सकाळी यावरच बसून बूट घालायचे. तुम्ही आलात की खुर्चीत जाऊन बसायचे. म्हणायचे, पास झालंय कळलं की कामगार ढिला पडतो." मला ते खरं वाटेना. दुःखातल्या माणसाशी लोक गोड बोलतातच. मी स्टूल उलटं केलं. बैठकीच्या खाली, मधोमध, हिरवा ठिपका.

तरी माझं मन वळेना. हिरव्या रंगाची बाटली खिडकीत होती आणि वहिनी माझ्याकडं न बघता पदराशी चाळा करत होत्या. माझ्या समाधानासाठी त्यांनीच तर सकाळी लावला नसेल? नखानं खरवडून बघितलं. मग उजेडाकडं तिरकं केलं, तेव्हा एका पायाच्या जोडाशी दुसरा ठिपका दिसला. लाल. शेजारी माझं जुनं भोक बुजवलेलं, त्याच्या बाजूला नवं पाडलेलं, आणि त्यात मी कधीच वापरला नव्हता असा लांब स्क्रू... घड्याळ कुठं टांगलं ते मला तेव्हा कळलं.

दिलासा द्यायला कुणी लाल ठिपका लावत नाही. मी तिथंच फरशीवर बसून खूप रडले. वहिनी म्हणाल्या, "घेऊन जा ताई, तुमच्या हातचं आहे." मी स्टूल सरळ करून पुन्हा दाराशी ठेवलं, त्याचे बूट खाली राहतील असं. म्हटलं, "तुम्ही बसत जा वहिनी. पास आहे."