एअरिंग कबर्डमधलं दही

इंग्लंडात ब्रॅकनेलची नोकरी सोडून मी सोलरच्या धंद्यात पडले तेव्हा भेटेल तो एकच प्रश्न विचारायचा: "इथे ऊन असतं का गं?" त्याचं उत्तर मला तोंडपाठ होतं. पाणी तापायला पुण्याचं ऊन लागत नाही, ढगाआडचा उजेडही बऱ्यापैकी कामाला येतो, वगैरे. पण स्टॅनमोरच्या काकूंनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

धंदा म्हणजे मी, एक साठीचा इंग्रज प्लंबर आणि त्याची व्हॅन. छप्पर आणि पाइप तो बघायचा. फोन, फॉर्म आणि कौन्सिलला पत्रं हे माझ्याकडे. सगळ्यात अवघड काम होतं दार उघडायला लावणं. आमच्या आधी गोड बोलणारे सेल्समन दारोदार फिरून, दुपारभर सोफ्यावर ठाण मांडून लोकांच्या सह्या घेऊन गेले होते. त्यामुळे सोलर म्हटलं की लोक दाराची साखळीसुद्धा काढत नसत. सहा महिन्यांत आम्हाला एकच गिऱ्हाईक मिळालं, ते म्हणजे काकू.

काकू नात्यातल्या नव्हेत. तीस वर्षं इथे राहिलेल्या, एकट्या, रिटायर्ड शिक्षिका. मंडळात ओळख झाली आणि "बसव, बघू तरी" म्हणाल्या. वर असंही म्हणाल्या, की पाडव्याच्या जेवणाला हॅरो-स्टॅनमोरच्या आठ-दहा जणी येतील, त्यांना तुझं काम दाखवते. पाडवा बुधवारी होता, पण इथे सण रविवारी येतो. माझ्या जुन्या मॅनेजरने माझी जागा अजून भरली नव्हती आणि सोमवारी त्याला हो की नाही ते सांगायचं होतं. म्हणजे त्या रविवारी दोन-तीन जणी तयार झाल्या तर धंदा, नाहीतर पुन्हा ब्रॅकनेल. मला परत जायचं नव्हतं.

गुरुवारी सकाळी काकूंचा फोन आला. "अगं, तुझं सोलर आल्यापासून माझं दही लागत नाहीये."

मला हसूच आलं. "काकू, दह्याचा आणि सोलरचा काय संबंध?"

"ते मला काय माहीत? इंजिनिअर तू. तीन दिवस झाले, नुसतं दूध. रविवारी श्रीखंड करायचंय. आणि हे बघ, बायकांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

रविवार हातचा जाणार असं वाटलं. पण खरं सांगायचं तर काळजीच्या बरोबरीने कुतूहलही होतं. मी दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर होते. काय बिघडलं हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. थर्मामीटर पर्समध्ये टाकला, इल्फर्डहून एलिझाबेथ लाइनची ट्रेन पकडली, बाँड स्ट्रीटला गाडी बदलली आणि शेवटच्या स्टेशनपर्यंत फक्त दह्याचा विचार केला.

आधी दूध तपासलं. निळ्या झाकणाचं, साय असलेलं, नेहमीचंच. विरजण आंबट, भांडं तेच, हात तोच. "काकू, तुम्ही दही ठेवता कुठे?"

"कुठे म्हणजे? एअरिंग कबर्डमध्ये. गेली तीस वर्षं."

वरच्या मजल्यावरचं, कपडे उबेला ठेवायचं ते कपाट मी दोनदा पाहिलं होतं, पण माझं लक्ष फक्त आतल्या गरम पाण्याच्या टाकीकडे. दार उघडून आत हात घातला. गार! बाहेरच्या पॅसेजइतकंच गार. मग बाथरूममधल्या गरम पाण्याच्या नळाखाली हात धरला तर पाणी चटका बसेल इतकं गरम. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने हसले.

जुनी टाकी तांब्याची होती. तिच्यावर बांधलेलं लाल जाकीट फाटून लोंबत होतं आणि त्यातून रात्रंदिवस ऊब गळायची. आम्ही मोठ्या अभिमानाने ती काढून, जाड फोमची, कणभर उष्णता बाहेर न सोडणारी टाकी बसवली होती. काकूंचं दही तीस वर्षं त्या गळतीवर लागत होतं आणि आम्ही गळती बंद केली होती. माझ्या जुन्या ऑफिसात यावर "अपेक्षेप्रमाणे चालतंय" असा शेरा मारून फाइल मिटवली असती.

शुक्रवारी प्लंबरला घेऊन गेले. टाकीच्या डोक्यावरून निघणाऱ्या पाइपवरचं वीतभर आवरण काढ म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला.

"लव्ह, आयुष्यभर मी पाइप गुंडाळत आलोय. आता तू म्हणतेस, उघडा ठेव?"

"फक्त एवढाच. योगर्टसाठी."

"फॉर योगर्ट," तो म्हणाला आणि डोकं हलवत चाकू काढला. मग स्वतःहूनच पाइपशेजारी फळी ठोकली, वर एक जुना टॉवेलही घडी करून ठेवला. शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला, फक्त एका शब्दाचा: "लागलं!" माझा जीव भांड्यात पडला.

रविवारी श्रीखंड झाल्यावर काकू सगळ्यांना वर घेऊन गेल्या. छपरावरचं पॅनेल कुणी पाहिलं नाही. एकेकीने कपाटात हात घातला, "अगंबाई" म्हटलं, आणि मग एकीने मला विचारलं, "तुझ्या घरी आहे का गं हे?"

मी खोटं बोलू शकले असते. "नाही," म्हटलं. "इल्फर्डला भाड्याचा फ्लॅट आहे. छप्पर माझं नाही, टाकीही नाही." मला शरमेने कानकोंडं झालं. धंदा इथेच संपला असं वाटलं.

"तिच्याकडे नाही," काकू त्या विचारणारीला म्हणाल्या, "पण माझं दही लागेना तेव्हा ही पोरगी पर्समध्ये थर्मामीटर घेऊन आली. सोफ्यावर बसून सह्या घेणारे तुझ्याकडे परत आले होते का गं?"

खाली आल्यावर त्या बाईने कागदावर आपला पत्ता लिहून दिला. तिच्यामागोमाग आणखी दोघींनी दिला.

सोमवारी मी ब्रॅकनेलला फोन केला. नाही म्हणून सांगितलं. मॅनेजर भला माणूस होता. एवढी चांगली जागा का सोडतेस, काय घडलं असं, म्हणून त्याने अगदी मनापासून विचारलं. मी काकूंचं ते "लागलं!" इंग्रजीत करून सांगितलं.

"द योगर्ट सेट," मी म्हणाले.